तिसऱ्या पायरीवरचा तारा

ही गोष्ट शपथेवर खरी आहे आणि फार फार प्राचीन काळची आहे, म्हणजे गेल्या नाताळातली. वसईच्या इनासकाकांनी अंगणात नाताळचा गोठा मांडला होता. वर निळा एलईडी म्हणजे तारा, खाली लाल एलईडी म्हणजे मेंढपाळांची शेकोटी, आणि गवतामागे दोघांना पोसणारी एक म्हातारी बॅटरी.

उजेड पाडायचा म्हणजे तिला विजेचे हंडे पायऱ्या चढून न्यावे लागत. शेकोटीसाठी दोन पायऱ्या, ताऱ्यासाठी तीन. हंडे दोघांना सारखेच, पण ताऱ्यापायी तिचे गुडघे जात.

"आजी, या खादाडाला दोनच पायऱ्या दे," शेकोटी म्हणाली.

"खादाड नाही गं तो. निळा उजेड तिसऱ्या पायरीखाली पडतच नाही."

"आणि तुझं दोनात भागतं, म्हणून तू जमिनीवर!" तारा फणकारला.

बॅटरीला भांडण ऐकायचंही त्राण नव्हतं. चौथ्या दिवशी तिसऱ्या पायरीवर तिचा पाय उचललाच नाही आणि तारा विझला.

"मेली बॅटरी. भंगारात देतो," म्हणत इनासकाकांनी गवतात हात घातला.

"अहो, थांबा," रेमेतकाकू म्हणाल्या. "शेकोटी जळतेय की! मेली कसली, दमलीय बिचारी."

त्यांनी तिला चार्जिंगला लावलं आणि दोन दिवस निवांत झोपू दिलं. पुन्हा पेटल्यावर तारा खाली बघून पुटपुटला, "जळत राहिलीस, बरं केलंस."

दिवे बोलले, हे अगदी खरं. दोन दिवसांची झोप तेवढी मी रचली. तासाभरातच म्हातारी पुन्हा हंडे वाहत होती.