विहिरीतलं 'होल्ड ऑन'

"दोर ढिला का लागतोय, बाई?"

मी विहिरीच्या मधोमध होते. तरंगायला पाठीवर बांधलेले वाळके भोपळे, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक एस्तेरबाईंच्या हातात. त्या माझ्या मागं, खालच्या पायरीवर. आतापर्यंत दोर ताणलेला होता.

मागं पाणी हलकेच डचमळलं.

मी आले होते इंग्रजीसाठी. वाडीतल्या मुलींना बाई आपल्या पडवीत इंग्रजी शिकवत. आता पंचाहत्तरी उलटली, वर्ग कुणाच्या तरी हाती सोपवायचा होता. मला तो हवा होता. फार हवा होता. म्हणून सकाळी मी, एम.ए. झालेली, ऐटीत 'होल्ड ऑन'चे अर्थ सांगितले. घट्ट धरणं. फोनवर म्हणतात तसं, जरा थांबणं. कठीण वेळी तग धरणं. कुठं कुठला वापरायचा तेही, उदाहरणांसकट.

बाईंनी सगळं ऐकलं, पातळाचा ओचा खोचला आणि मला विहिरीवर आणलं.

त्यांच्या वर्गाची रीत सगळ्या वाडीला ठाऊक होती. क्रियापद आधी अंगानं करायचं, मग फळ्यावर लिहायचं. 'रन'च्या दिवशी मुली माळ पालथा घालत. 'क्लाइंब'च्या दिवशी आया चिंचेखाली जमत, पोरी उतरवून घ्यायला.

मी म्हटलं, मला पाण्याची भीती वाटते.

"मग बरंय," बाई म्हणाल्या. "धडा पक्का होईल."

वर हौदाशी धुणं आपटणाऱ्या हौसाकाकूंनी तेवढ्यात विचारून घेतलं होतं, की एम.ए.लाही भोपळे लागतात होय.

"बाई... धरलंय ना?"

भोपळा नुसता करकरला तरी मी दचकले. मागं वळावं तर तोंडात पाणी. समोरची भिंत मात्र जवळ दिसत होती. मी हात मारले. पाय मारले.

ढिला दोर ताणला गेला. मग जड झाला. काहीतरी कमरेला धरून मागं खेचत होतं. ते जितकं खेचे, तितके माझे पाय जोरात चालत. भीती होती तिथंच होती. पाय तिला विचारेनासे झाले. नाकात पाणी गेलं, आणि पोटातून हसू आलं. कुठून, कोण जाणे.

दगड हाताला लागला. मी त्याला मिठीच मारली.

"बाई..."

वरचं धुणं थांबलं. हौसाकाकू पदर तोंडाला लावून काठावरून वाकून बघत होत्या.

"बाई, कुठं आहात?"

मी मान वळवली. पायरी रिकामी होती.

बाई माझ्या पाठीशीच, पाण्यावर उताण्या तरंगत होत्या. पांढरे केस सगळे मोकळे. दोराचं टोक मुठीत तसंच.

"धरलंय की गं मी," त्या म्हणाल्या. "आता तू ने."