तोरणाचा पांढरा दोरा

अक्काचं दार छोटं. दाराला निळा रंग. दारासमोर अंगण. अंगणात अंजिराचं झाड. अंजिराच्या पानात शिंपुलीचं घरटं.

शिंपुली म्हणजे शिंपी पाखरू. एवढंसं, तुमच्या मुठीत मावेल एवढं. चोच सुईसारखी. पानाला पान जोडायचं, दोऱ्यानं शिवायचं. टुच टुच, टुच टुच. झालं घरटं.

पंधरा ऑगस्टची सकाळ होती. अक्काच्या दारावर तोरण होतं. गोल तोरण. विकतचं त्यात काही नाही. फुटक्या टोपलीची कड घेतली. वर केशरी झेंडू बांधला. खाली हिरवी आंब्याची पानं. मधे आडवा पांढरा दोरा, दोऱ्यात तगरीची पांढरी फुलं. आणि अगदी मधोमध गोकर्णीचं एक निळं फूल.

अक्का हे तोरण दर वर्षी करते. का बरं? अक्काचा मुलगा हणमंत सैनिक होता. देशाच्या सीमेवर उभा होता. तो परत आला नाही. अक्काला त्याची फार आठवण येते. पंधरा ऑगस्टला शाळेची फेरी निघते. मुलं तोरण बघतात आणि अक्काच्या दारी थांबतात. तोरण म्हणजे अक्काचं बोलावणं. तोरण नसलं तर गुरुजींना वाटतं, अक्काला आज एकटं राहायचंय. मग फेरी हळूच पुढे जाते.

शिंपुली उठली. तोरणाला एक दोरा लोंबत होता. पांढरा, मऊ. शिंपुलीला वाटलं, सुटा दोरा, कुणाचाच नाही. तिनं चोचीत धरला. ओढला. सर्रर्र.

फुलं खाली. टप टप टप.

शिंपुलीनं मागे पाहिलंच नाही. ती गेली घरट्यात. टुच टुच, टुच टुच.

तेवढ्यात अक्काची शेळी आली. मच मच मच. पांढरी फुलं संपली. निळं फूल तेवढं उंबऱ्याशी राहिलं.

अक्का बाहेर आली. तोरण मधे रिकामं. शेळीचं तोंड हलतंय. अक्काला वाटलं, हिचंच काम. तिनं शेळीला नेलं आणि बाभळीला बांधलं. मग ती उंबऱ्यावर बसली.

"अर्धं तोरण दाराला शोभत न्हाय," अक्का म्हणाली. "काढून ठिवते."

शिंपुलीनं घरट्यातून ते ऐकलं. आपण सांगायला हवं, तिला कळलं. पण भीती वाटली. तुम्हालाही वाटते ना? मग आपण काय करतो? आधी दुसरंच काहीतरी करून बघतो. शिंपुलीनंही तेच केलं.

भिर भिर भिर. ती गेली तगरीकडे.

"तगरी, तगरी, मूठभर फुलं दे.
फुलं तोरणाला,
तोरण अक्काच्या दाराला."

तगर म्हणाली, "देईन. पण आठ दिवस पाऊस नाही. कळ्या उमलत नाहीत. आधी पाणी आण."

भिर भिर भिर. ती गेली हापशाकडे.

"हापशा, हापशा, घोटभर पाणी दे.
पाणी तगरीला,
फुलं तोरणाला,
तोरण अक्काच्या दाराला."

हापसा म्हणाला, "करर्र, खट. देईन. पण माझा दांडा अडलाय. आधी तेल आण."

लांब शाळेत ढोल वाजला. ढम. ढम. फेरी निघाली.

भिर भिर भिर. ती गेली इस्माईलचाचांकडे. चाचा सायकली दुरुस्त करतात. त्यांच्याकडे तेलाची बुधली आहे.

"चाचा, चाचा, थेंबभर तेल द्या.
तेल हापशाला,
पाणी तगरीला,
फुलं तोरणाला,
तोरण अक्काच्या दाराला."

चाचांनी बुधली उलटी केली. एक थेंब नाही. चाचा म्हणाले, "देतो की. पण बुधलीचं तोंड तुंबलंय. आधी काटा आण."

भिर भिर भिर. ती गेली बाभळीकडे.

"बाभळी, बाभळी, एक काटा दे.
काटा बुधलीला,
तेल हापशाला,
पाणी तगरीला,
फुलं तोरणाला,
तोरण अक्काच्या दाराला."

बाभूळ म्हणाली, "देईन. पण शेळी माझ्याभोवती गोल गोल फिरली. दोर मला काचतोय. आधी तिला उलट्या फेऱ्या मारायला सांग."

ढम ढम. ढम ढम. फेरी मारुतीच्या देवळापाशी आली.

शेळी तिथंच होती. मान खाली घालून उभी होती.

"शेळीबाई, शेळीबाई, उलट्या फेऱ्या मार.
फेऱ्या बाभळीला,
काटा बुधलीला,
तेल हापशाला,
पाणी तगरीला,
फुलं तोरणाला,
तोरण अक्काच्या दाराला."

शेळीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"फुलं मी खाल्ली," शेळी म्हणाली. "पण मी पाडली नाहीत. ती कुणी पाडली, तुला ठाऊक आहे. आधी अक्काला खरं सांग."

शिंपुलीनं इकडे तिकडे पाहिलं. आता पुढे कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नव्हतं.

ती घरट्याकडे गेली. शिवलेला दोरा तिनं चोचीनं ओढला. सर्रर्र. घरटं उसवलं. पान खाली लोंबलं. तिथं ती अंडी घालणार होती. तरी तिनं दोरा घेतला आणि ती निघाली.

भिर. भिर. भिर. हळूहळू.

अक्का स्टुलावर चढली होती. तोरणाला तिचा हात लागला होता. शिंपुली तिच्या मनगटावर बसली.

"अक्का, अक्का, खरं ऐक.
खरं शेळीला,
फेऱ्या बाभळीला,
काटा बुधलीला,
तेल हापशाला,
पाणी तगरीला,
फुलं तोरणाला,
तोरण तुझ्या दाराला.
दोरा मी ओढला, अक्का. फुलं माझ्यामुळं पडली."

आणि तिनं दोरा अक्काच्या हातावर ठेवला.

अक्का स्टुलावरून खाली उतरली. तिनं दोऱ्याकडे पाहिलं. अंजिराकडे पाहिलं. लोंबणारं पान पाहिलं.

"तुझं घर उसवून माझं दार सजवू व्हय?" अक्का म्हणाली. "न्हाय गं बाय. खरं बोललीस, मला पावलं. ह्यो दोरा तुझा."

अक्कानं तो अंजिराच्या फांदीवर ठेवला. मग आपल्या लुगड्याच्या पदरातून एक पांढरा दोरा काढला. तोरणासाठी.

आधी ती शेळीकडे गेली. तिच्या पाठीवरून हात फिरवला. उगाच बांधलं तुला, म्हणाली.

शेळीनं उलट्या फेऱ्या मारल्या. गर गर गर. दोर सैल झाला.
बाभळीनं काटा दिला. टक.
काट्यानं बुधलीचं तोंड उघडलं. तेल आलं. टिप टिप.
चाचा स्वतः तेल घेऊन आले. हापशाला घातलं, दांडा हापसला. खट खट, खट खट. पाणी आलं. भळ भळ भळ.
पाणी पाटातून गेलं. तगर प्यायली. घट घट घट.
एक कळी उमलली. मग दुसरी. मग सगळी तगर पांढरीशुभ्र झाली.

ढम ढम ढम ढम. फेरी गल्लीच्या तोंडाशी आली.

अक्कानं फुलं धरली. शिंपुलीनं शिवली. टुच टुच, टुच टुच. वर केशरी. मधे पांढरं. खाली हिरवं. निळं फूल उंबऱ्याशी होतंच. ते मधोमध बसलं. टुच.

ढोल थांबला.

सगळी मुलं अक्काच्या दारात उभी राहिली. अगदी गप्प. लहानातली लहानसुद्धा गप्प. गुरुजींनी शाळेत घेतात तशी हजेरी घेतली. एकच नाव घेतलं.

"हणमंत."

"हजर," सगळी मुलं म्हणाली.

अक्काचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. ती ताठ उभी राहिली आणि तिनं मुलांना हात जोडले.

फेरी पुढे गेली. ढम. ढम. ढम.

शिंपुली आपल्या दोऱ्यापाशी आली. तिनं पान उचललं. पानाला पान जोडलं. टुच टुच, टुच टुच. घरटं पुन्हा उभं राहिलं. दोन दिवसांनी त्यात तीन अंडी होती.

तेव्हापासून अक्का तोरण करते, तेव्हा पदरातले दोन दोरे काढते. एक तोरणाला बांधते. दुसरा अंजिराच्या फांदीवर ठेवते.

पाणी तगरीला,
फुलं तोरणाला,
तोरण अक्काच्या दाराला,
आणि दोरा शिंपुलीला.