धनेशाची मडकी

रानाजवळचा कुंभारवाडा उठून गेला आणि मडकी तिथेच पडून राहिली, तेव्हाची गोष्ट. पहाटेच्या गाण्यात सगळ्या पाखरांचे आवाज नीट मिसळावेत, ही जबाबदारी धनेश पक्ष्याकडे होती. गाणं बिघडलं की तो आवाज घुमवायला नवीन काहीतरी आणायचा. कधी मडकं, कधी पोकळ भोपळा, कधी बांबूची नळी. शेजारची साळुंकी रोज डोकावून विचारायची, "आज काय आणलंत, भावोजी?"

त्या दिवशी चिमुकल्या शिंजीर पाखराची पोर पहिल्यांदाच सगळ्यांत गाणार होती. तिची आई समोरच्या फांदीवर येऊन बसली होती. पोरीचा आवाज नाजूक, म्हणून धनेशाने तिच्यापुढे सगळ्यात मोठं मडकं ठेवलं. त्याचं तोंड खालच्या डबक्याकडे होतं, त्यामुळे त्यात घुमलं ते डबक्यातल्या बेडकाचं डराव डराव. पोर मध्येच गप्प झाली.

"माझी गायली का हो?" आईने विचारलं.

धनेश मडक्यात डोकावला. "आणखी एक मडकं हवं होतं," तो पुटपुटला.

"राग मानू नका, भावोजी," साळुंकी म्हणाली, "पण ही पोर महिनाभर तुमच्याच ढोलीखाली गुणगुणत होती. आवाज कसा आहे हो तिचा?"

धनेशाने आठवून पाहिलं. भोपळे आठवले, नळ्या आठवल्या. आवाज काही आठवेना. त्याची मान खाली गेली.

दुसऱ्या पहाटे त्याने मडकं बाजूला केलं, बेडकाला जरा थांबायला सांगितलं आणि पोरीच्या फांदीखाली जाऊन बसला.

"गा बाळा, मी ऐकतोय," तो म्हणाला. वर बघायची मात्र त्याला अजून लाज वाटत होती.