गवंड्याच्या पाचरी

शूर्पारक नगरीत राजा वीरसेन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका गलबताचे तांडेल होते. त्या गलबतात लोखंडाचा एक खिळा नव्हता. फळ्या काथ्याने शिवलेल्या होत्या.

एकदा उत्तिय नावाचा गवंडी त्या गलबतावर चढला. दूर बेटावर दिलेल्या लेकीला तो सात वर्षांनी भेटणार होता. किनारा दिसेनासा झाला आणि त्याचे पाय त्याचे राहिले नाहीत. उभा राहिला तर पडे, बसला तर ओके, आडवा झाला तर कानाशी फळ्या कुरकुरत. बोधिसत्त्व म्हणाले, "गवंडीदादा, गुडघे सैल सोडा. गलबत झुकेल तसे झुका." जन्मभर ओळंबा लावून भिंती उभारणाऱ्याला हे कसे पटावे? हलते ते कच्चे, एवढेच त्याला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. तळात उतरून त्याने फटींत लाकडी पाचरी ठोकल्या. कुरकुर थांबली, आणि उत्तिय पहिल्यांदा पोटभर जेवला.

दुपारी वादळ आले. सारे गलबत लाटेबरोबर लवले. पाचरी मारलेला भाग तेवढा ताठ राहिला. तिथला काथ्या तटातट तुटला आणि पाणी आत घुसले. पाचरी पाहून खलाशी खवळले. "टाका याला समुद्रात," म्हातारा खलाशी रोहक म्हणाला. उत्तियची पाचावर धारण बसली. लेकीचे तोंड आता काही दिसत नाही, असे त्याला वाटले.

बोधिसत्त्वांनी सुकाणू रोहकाच्या हाती दिले. "यांनी बुडवायला नाही, वाचवायला ठोकल्यात," ते म्हणाले. "आणि कुठे कुठे ठोकल्यात, ते यांच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?" उत्तियचा हात धरून ते तळात उतरले.

उत्तियने चाचपडत एकेक पाचर उपसली. बोधिसत्त्वांनी फटींत काथ्या कोंबला, वर फळी लावली आणि दोघांनी ती पाठीने दाबून धरली. खलाशी पाणी उपसत राहिले. गलबत कलले की दोघे कलत, सावरले की सावरत. वादळ ओसरल्यावर उत्तियच्या ध्यानात आले, की आपण केव्हाचे उभे आहोत आणि एकदाही पडलो नाही.

बेटावर लेक धावत आली. तिला जवळ घेतानाही तो डुलतच होता.

"बाबा, चक्कर येतेय का?"

"नाही गं. आत्ता कुठे उभं राहायला शिकलोय," तो म्हणाला आणि रडू लागला.

ही कथा सांगून शास्ते भगवान समोर बसलेल्या एका भिक्खूकडे पाहत म्हणाले, "भिक्खूंनो, चंचल मनाला दामटून गप्प बसवू पाहणारा आणि त्यामुळेच तळमळणारा हा भिक्खू तेव्हा उत्तिय होता. याला संघाबाहेर घालवा म्हणणारे तुम्ही, ते खलाशी. तांडेल मीच होतो. चुकलेल्याला पाण्यात न टाकता त्याच्या शेजारी पाठ लावून उभे राहावे, यालाच क्षांती म्हणतात."