खिंडीतली मुलं आणि राजाची घंटा

एका राज्यात उन्हाळा पाहुण्यासारखा येई आणि हिवाळा घरजावयासारखा ठाण मांडून बसे. जिकडे पाहावं तिकडे डोंगर, डोंगरांवर वाड्या, आणि खाली राजवाड्याच्या पायथ्याशी साऱ्या राज्याची मिळून एकच शाळा. तिथे सूर्यकेतू नावाचा राजा राज्य करी. माणूस मनाने वाईट नव्हता. पण तेवढ्याने राज्य चालत नाही, हे त्याला फार उशिरा कळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

राजवाड्याच्या मनोऱ्यात एक सोन्याची घंटा टांगलेली होती. राजाच्या आजोबांनी ती कर्कोट मांत्रिकाच्या गुहेतून हिसकावून आणली होती. तिचा गुण असा, की ती वाजली की डोंगरापलीकडच्या शाळकरी मुलालाही ऐकू जाई, आणि ऐकलं की त्याचे पाय आपोआप शाळेची वाट धरत. ताप असो, रुसवा असो, आईने हात धरलेला असो, पाय निघत. आजोबांना हे फार सोयीचं वाटलं. घंटा उचलून नेताना मांत्रिक मागून एवढंच म्हणाला होता, "राजा, डोळ्यांनी वाट पाहिल्याशिवाय ही वाजवू नकोस. न पाहिलेल्या वाटेवर वाजली, तर बोलावलेली सगळी मुलं पोहोचणार नाहीत आणि बर्फ थांबणार नाही."

म्हणून त्या राज्यात रिवाज पडला. बर्फ पडला की सकाळी राजाने जातीने वाट पाहून यायची. वाट चांगली असली तर घंटा वेळेवर. बरी असली तर ऊन चढल्यावर. वाईट असली तर घंटाही नाही आणि शाळाही नाही. रिवाज उत्तम होता. पण त्याच राज्यात दुसराही एक रिवाज होता. राजाच्या पावलाला बर्फ लागू द्यायचा नाही. पाऊल भिजलं तर राज्याला अवदसा येते म्हणे! तेव्हा राजा निघायच्या आधी फावडेवाले पुढे जात आणि वेशीजवळच्या वळणापर्यंतची वाट खरवडून लख्ख करत. मागून राजा येई, लख्ख वाट पाही आणि म्हणे, "वाट चांगली आहे." वळणापलीकडे जायचा प्रश्नच नव्हता. आजोबांपासून हे असंच चाललं होतं, बर्फ बेताचा पडे म्हणून निभावतही होतं, आणि शहाण्यांनी गच्च भरलेल्या त्या दरबारात एकालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात असं वादळ झालं की छपरं वाकली आणि कुंपणं दिसेनाशी झाली. सकाळी शाळेचे म्हातारे आचार्य देवशर्मा काठी टेकत राजाकडे आले.

"महाराज, आज शाळा नको. नाहीच जमलं तर निदान ऊन चढेपर्यंत थांबावं."

प्रधान बुद्धिसागर हसले. "आचार्य, महाराज आत्ताच वाट पाहून आले. पाहिलेल्या वाटेला काय भ्यायचं? आज थांबलो तर उद्या वारा सुटला म्हणून थांबायचं का?"

राजाला प्रधानांचं पटलं. त्याने दोर ओढला.

वरच्या वाडीची मुलं वाटेतल्या खिंडीपर्यंत आली आणि तिथेच राहिली. बर्फाने त्यांना गाडलं नाही, उभ्या उभ्या गोठवलं. खालच्या वाड्यांची मुलं रडत, धडपडत कशीबशी शाळेत पोहोचली. वरच्या वाडीचं एकही नाही. आणि त्या दिवसापासून बर्फ थांबेना. विहिरी गोठल्या. गोठ्यांतली जनावरं मेली. घंटेकडे मान वर करून पाहायची कोणाची छाती होईना, आणि शाळेच्या दाराशी बर्फ कडीपर्यंत चढला. राजा रोज खिडकीत बसे. जेवणाचं ताट येई तसं परत जाई. प्रधान म्हणत, "महाराज, दोष हवेचा आहे." 

एके दिवशी खिडकीवर एक पांढरी घार येऊन बसली आणि बोलू लागली.

"कर्कोटाने पाठवलं आहे. शाप उतरायचा तर तीन कामं कर. पहिलं सांगते. खिंडीपर्यंत जाऊन ये. तुझ्या पुढे कोणी जाता कामा नये."

राजा एकटा निघाला. वळणापर्यंतची वाट फावडेवाल्यांनी रिवाजाप्रमाणे सकाळीच लख्ख केलेली होती. त्यापुढे वाटच नव्हती. पहिल्याच पावलाला तो मांडीपर्यंत आत गेला, आणि तिथे उभं राहून त्याला सगळं समजलं. समजून उपयोग काय! रडत, सरपटत तो खिंडीत पोहोचला. मुलं रांगेत उभी होती. पाटीदप्तरं पाठीवर, तोंडं खाली शाळेकडे. एकाने पुढच्याचा खांदा धरलेला. सगळ्यांत शेवटी एक मुलगी होती. बाकीच्यांचे पाय पुढे आणि तोंडंही पुढे. तिचे पाय तेवढे पुढे होते, तोंड घराकडे वळलेलं होतं. राजाने अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यांवर घातली. शालही लगेच गोठली.

परत आल्यावर घार म्हणाली, "दुसरं काम. ज्यांची ती मुलं, त्यांच्या दारी जा, आणि काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग."

हे काम पहिल्यापेक्षा अवघड होतं. वरच्या वाडीत कोणी राजाला शिव्या दिल्या, कोणी दार उघडलं नाही, एका म्हाताऱ्याने सवयीने पाया पडून त्याला आणखीच मेल्याहून मेलं केलं. शेवटचं घर भिवरा नावाच्या बाईचं. तोंड वळवून उभी होती ती गवरी, हिचीच मुलगी. भिवरा चुलीपुढे बसली होती.

"बाई, मी वाट पाहिली नव्हती," राजा म्हणाला. "साफ केलेला तुकडा पाहिला, आणि वाट पाहिली असं समजलो."

"आमच्याकडे माणूस पाठवून विचारलंत का?"

"नाही."

"गवरी म्हणत होती, आई, मला नाही जायचं, मला धर. मी धरली होती महाराज. उंबऱ्यापर्यंत धरली होती. पाय ऐकेनात तिचे. हात सुटला माझा." ती थांबली. "तुम्ही सांगायला आलात ते बरं झालं. पण मी त्याचं काय करू?"

 राजा पायऱ्या उतरला आणि बर्फात खाली बसला. घार समोरच्या कुंपणावर होती.

"तिसरं काम," ती म्हणाली. "उद्या पुन्हा तसंच वादळ येईल. परवा पहाटे तुला ठरवायचं आहे. घंटा वाजवलीस तर खिंडीतली मुलं जागी होतील आणि चालत शाळेत पोहोचतील. पण या वेळी तुझ्या राज्यातलं जे जे मूल ती ऐकेल, शाळेत जाणारं असो नसो, ते ते घराबाहेर पडेल. त्यांतली किती पोहोचतील ते कर्कोट सांगत नाही. घंटा नाही वाजवलीस, तर बर्फ थांबेल, शाप संपेल, आणि गोठलेली मुलं बर्फाबरोबर संपतील."

"ऊन चढेपर्यंत थांबलो तर?"

"या वेळी थांबता येणार नाही. सूर्य उगवायच्या आत."

वादळ आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे फावडेवाले नेहमीप्रमाणे हजर झाले. राजाने त्यांना घरी पाठवलं. तो एकटाच वळणापलीकडे गेला. थोड्या अंतरावर बर्फ गळ्याशी आला आणि श्वास कोंडला. हातांनी उकरत तो कसाबसा मागे फिरला. वाट कशी आहे हे आता त्याला कोणी सांगायला नको होतं.

मनोऱ्यात तो पोहोचला तेव्हा भिवरा तिथे बसली होती. रात्रभर बर्फ तुडवत कशी आली तिचं तिलाच ठाऊक. बोटं काळी पडली होती.

"घारीचं बोलणं मी दारातून ऐकलं. वाडीत उरलेल्या धाकट्या पोरांना आम्ही खांबांना बांधून ठेवलंय," ती म्हणाली. "आता वाजवा."

"बाकीच्या वाड्यांना कुठे माहीत आहे, बाई? निरोप घेऊन निघालेली माणसं वादळाने परत फिरवली."

"मला बाकीच्यांचं काय करायचंय! माझी पोर तिथे उभी आहे. एकदा ओढा. एकदाच."

राजाने दोर हातात घेतला.  पूर्वेकडे अंधार पातळ व्हायला लागला होता. मग त्याने जे केलं ते सांगायला मलाही लाज वाटते. दोराचं टोक त्याने भिवरापुढे धरलं.

"तूच ठरव. तुझा अधिकार माझ्याहून मोठा आहे."

भिवराने टोकाकडे पाहिलं. हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"नाही महाराज. हे माझ्यावर ढकलू नका. मी आई आहे, मी वाजवणारच. म्हणून तर ठरवायचं काम आयांना देत नाहीत, राजाला देतात. तुम्ही ठरवा. आणि ठरवलंत की मला तोंडाने सांगा."

खाली घराघरांत मुलं झोपलेली होती. छपरांवर बर्फ होता, छपरांखाली त्यांचे श्वास चालू होते. ती कोणाची कोण, राजाला एकाचंही नाव माहीत नव्हतं. ज्या एकीचं नाव माहीत होतं, ती खिंडीत घराकडे तोंड करून उभी होती.

"आज शाळा बंद," राजा म्हणाला.

त्याने कमरेची कट्यार काढून दोर कापला.

भिवराने जी किंकाळी फोडली ती सगळ्या शहराने ऐकली. त्याच क्षणी सोन्याच्या घंटेला तडा गेला आणि तिची माती होऊन खाली पडली. बर्फ थांबला. ढग फाटले, सूर्य वर आला, विहिरींत पाणी हललं. लोक दारं उकरून बाहेर आले आणि रस्त्यात नाचू लागले. कर्कोटाचा शाप उतरला होता. मनोऱ्यात दोन माणसं बसली होती, ती मात्र खाली उतरली नाहीत.

ऊन दोन दिवस चांगलं तापलं तेव्हा खिंड मोकळी झाली. वरच्या वाडीची माणसं गेली आणि आपापली मुलं उचलून घेऊन आली. गवरीला भिवराने कोणाला हात लावू दिला नाही. पोर कडेवर घ्यायच्या वयाची नव्हती, तरी तिने कडेवर घेतली आणि घरापर्यंत नेली. राजा मागून चालत होता. ये म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि जा म्हणूनही नाही.

सगळे विधी झाले. माणसं पांगली. राजा अंगणात तसाच उभा होता.  भिवरा दारात आली. तिच्या पदराला धरून एक लहानगा उभा होता, मनगटांवर दोराचे वळ होते.

"महाराज, हा धाकटा," ती म्हणाली. "याची शाळा कधी उघडणार ते सांगा."

राजाने खिंडीकडे पाहिलं. सावलीच्या बाजूला अजून बर्फ होता.

"उद्या नाही, बाई. मी सकाळी जाऊन येतो, मग सांगतो."

"सांगा," भिवरा म्हणाली, आणि मुलाला आत घेऊन तिने दार लावलं.