वाकून सरळ होणारी सुरी

ऐकणाऱ्यांनो, सुरी चांगली की वाईट हे तुम्ही कशावरून ओळखता? मुठीवरच्या नक्षीवरून, की पात्याच्या लखलखाटावरून? चारुमती राणीला एकदा ते ओळखावे लागले, आणि ती चुकली असती तर तिचा नवराही गेला असता आणि तीही.

एका राज्यात नीलकेतू नावाचा राजा होता. त्याच्या राज्यात एक तळे होते, इतके मोठे की पलीकडचा काठ फक्त पाखरांनाच ठाऊक. त्या तळ्याच्या मासळीवर हजार चुली पेटत. एके दिवशी कालजिव्ह नावाचा मायावी दरबारात आला आणि त्याने ते तळे मागितले.

राजा म्हणाला, "तळं माझं नाही, त्या चुलींचं आहे. जे माझं नाही ते देऊ कसं?"

मायाव्याने तळहातावरची राख फुंकली. सिंहासन रिकामे झाले. तळ्याकाठच्या काळ्या शिळेवर एक रुंद, रुपेरी मासा येऊन पडला. अर्धा पाण्यात होता, अर्धा बाहेर. त्याचे डोळे राजाचे होते.

राणी धावत शिळेपाशी गेली. कालजिव्ह तिथे आधीच बसला होता.

"प्रत्येक शापाला उःशाप असतो," तो म्हणाला. "तो सांगावा लागतो, हा आमच्या विद्येचा नियम. नाहीतर मी सांगितला नसता."

"सांग."

"या माशाचं मांस शापाचं आहे, काटा राजाचा आहे. दोन्ही बाजूंचं मांस काट्यावरून अखंड उतरव, राजा उठून बसेल. काटा मोडलास तर राजाचं हाड मोडेल. मांस फाडलंस तर तो जन्मभर मासाच राहील. शिळेवरून हलवलास तर त्याच क्षणी मरेल. आणि तळं ओसरतंय, बघ. पाणी शिळेला सोडून गेलं की कुंकू पुसायची तयारी कर."

"सुरी?"

"बाहेरचं लोखंड त्याला लागणार नाही. माझ्या डोंगरात पात्यांचं भांडार आहे. तिथून एकच न्यायचं. उंबरठ्याबाहेर नेलंस ते तुझं. त्याआधी तीन परीक्षा घ्यायची मुभा आहे, चौथी नाही. चुकीचं पातं नेलंस तर तूही त्याच भिंतीवर पातं होऊन लटकशील."

राणीने माशाच्या कुशीवर तळहात ठेवला. एक वीत पसरली, वर आणखी चार बोटे उरली. मग तिने पदर खोचला आणि डोंगराची वाट धरली.

वाटेत फांदीवर एक खंड्या बसला होता. निळा, आखूड शेपटीचा, मोठ्या चोचीचा.

"पाखरा, तू जन्मभर मासेच खातोस," राणी म्हणाली. "सुरी कशी निवडावी, सांग."

"राणीबाई, मी मासा अख्खा गिळतो आणि काटे मागाहून थुंकतो," खंड्या म्हणाला. "तुम्हांला तसं करून चालेल का?"

"नाही चालणार."

"मग मी तुमच्या काय कामाचा? पण येतो. मासे पकडायला तरी उपयोगी पडेन."

डोंगराच्या पोटात पाती बोलत होती. छतापासून जमिनीपर्यंत सुऱ्या, कट्यारी, कोयते. राणी आत येताच सगळा गलका झाला.

"माझी मूठ सोन्याची!"

"मी तीन राजांचे गळे कापलेत!"

"गळे काय कापतोस मेल्या, तिला मासा कापायचाय!"

दाराशीच एका शिसवी पाटावर विळी होती. तिचे पाते चंद्रकोरीसारखे. ती मऊ आवाजात म्हणाली, "ये ग लेकी. माहेरी खाडीकाठी माझ्यासारखीच्याच पाटावर बसायचीस ना?"

राणीचा पाय आपोआप पाटाकडे गेला. खाडीकाठच्या घरी तिने विळीवरच मासे कापले होते. पापलेट, रावस, बोंबील, काय नाही कापले! डोळे मिटूनही तिचा हात चुकला नसता. तिने विळी उचलली आणि काखेत घेऊन ती परत फिरली. चालता चालता ती मनात मासा कापू लागली. पाटावर बसले. पाय ठेवला. दोन्ही हातांनी मासा धरला, पात्याकडे नेला...

तिचे पाऊल उंबरठ्यावर अधांतरी थांबले.

विळी जागची हलत नाही, मासाच हलतो. आणि तो मासा हलवायचा नव्हता.

राणीने विळी होती तिथे ठेवली. "तुझा राग नाही," ती म्हणाली, "पण मला माशाकडे जाणारं पातं हवं."

तिच्या मागोमाग येऊन बाहेर बसलेल्या कालजिव्हाने हळहळून मांडीवर थाप मारली.

राणी भांडाराच्या मधोमध उभी राहिली. "पहिली परीक्षा," ती मोठ्याने म्हणाली. "टोक दगडावर टेकून वाका."

भिंतीवरून पाती उतरली आणि दगडावर टेकली. तीन राजांचे गळे कापणारे खड्ग मुळीच वाकेना. "मी कुणापुढे वाकत नाही!" ते गरजले. "मग तू काट्यावर चढशील आणि तो मोडशील," राणी म्हणाली, "जा." एक चांदीचे पाते केळीच्या पानासारखे वाकले ते वाकलेलेच राहिले. तेही गेले. जी वाकली आणि जोर सुटताच सरळ झाली तेवढीच उरली.

"दुसरी परीक्षा." राणीने खंड्याकडून एक वाम, सापासारखी लांब मासळी, मागवली, तिची बुळबुळ दोन्ही हातांना चोळली आणि एकेक मूठ धरून पाहिली. सोन्याची मूठ साबणासारखी निसटली. हस्तिदंती मूठ हातातच फिरली आणि राणीचे बोट कापता कापता वाचले. "अहो, रत्नं जडवलीत मला!" एक सुरी रडकुंडीला येऊन म्हणाली. "ती माझ्या तळहातात रुततात ग बाई," राणी म्हणाली. वेताची वीण घातलेल्या मुठी तेवढ्या ओल्या हातातही बसल्या. बोट पात्यावर घसरू नये म्हणून त्यांच्या पुढच्या टोकाला उंचवटाही होता.

"तिसरी परीक्षा." तिने एकेक धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवली. बोथट होती ती नखावरून घसरली. धारदार होती ती टेकली तिथेच थबकली.

शेवटी दोन सुऱ्या उरल्या. एक आखूड, एक लांब. दोघी वाकत होत्या, दोघींची मूठ घट्ट होती, दोघींची धार थबकली होती. आणि परीक्षा संपल्या होत्या.

"मी हलकी," आखूड म्हणाली. "बाईच्या हाताला मीच शोभते."

लांब सुरी काहीशी चिडून म्हणाली, "काय ते ठरव बाई. तळं थांबलेलं नाही."

राणीने स्वतःचा तळहात पाहिला. वीत आणि वर चार बोटे. आखूड पाते पाठीपासून पोटापर्यंत पोचले नसते. मध्येच काढून पुन्हा घालावे लागले असते आणि तिथेच मांस फाटले असते. माप घेणे ही काही परीक्षा नव्हे; तिने हात पसरून लांब सुरीवर ठेवला. वीत भरली, चार बोटे भरली, टोक थोडेसे पुढे राहिले. तिने ती उचलली आणि उंबरठा ओलांडला.

ती पाते झाली नाही. तिचे हात हातच राहिले.

"चांगली निवडलीस," सुरी म्हणाली. "मीही अशीच आले होते, माझ्या भावासाठी. सोन्याच्या मुठीला भुलले."

तळ्यावर पाणी शिळेच्या कडेला आले होते. तरी राणी राजापाशी गेली नाही. तिने खंड्याला मासे आणायला सांगितले आणि बाजूच्या दगडावर बसली. पहिल्या माशाचा पार चेंदा झाला.

"दाबतेस कशाला?" सुरी ओरडली. "मी विळी नव्हे! मला काट्यावर टेकव आणि नुसती ओढ. काटा कुठून जातो ते मला कळतं, तू मला वाकू दे."

दुसऱ्या माशाचे मांस शेपटीपाशी फाटले. "आण," ती म्हणाली. खंड्याने पुन्हा बुडी मारली. तिसऱ्या माशाचे मांस पानासारखे अलग झाले आणि काटा स्वच्छ, अखंड उरला.

मग ती काळ्या शिळेवर गुडघे टेकून बसली.

"राणी," मासा राजाच्या आवाजात म्हणाला, "हात थरथरतोय का?"

"नाही."

"मग माझाच काटा थरथरतो आहे."

"गप्प पडून राहा. हलायचं नाही."

तिने कल्ल्यामागे सुरी घातली. पाते पाठीच्या काट्याला लागले तशी तिने ते आडवे वळवले. पाते वाकले आणि काट्यावरून शेपटीकडे सरकत गेले. वरच्या बाजूचे मांस अखंड सुटले आणि धूर होऊन उडाले.

आता खालची बाजू. मासा उचलायचा नव्हता, उलटवायचा नव्हता. पाणी शिळेला बोटभरच लागून होते. कालजिव्ह पुढे वाकून बघत होता. "उचल की जरासा," तो गोड आवाजात म्हणाला.

राणीने मान वर केली नाही. तिने सुरी शिळेला जवळजवळ चिकटवून काट्याच्या खालून घातली. आता पाते दिसत नव्हते. हाताला कळेल तेवढेच खरे. अर्ध्यावर बरगडीपाशी काहीतरी खरखरले. राजा कण्हला. जोर लावावा असे तिच्या मनगटाला फार वाटले. तिने जोर लावला नाही. ती थांबली, पाते केसभर मागे घेतले, मूठ किंचित उचलली, आणि पाते आपण होऊन वाकून बरगडीखालून पलीकडे गेले. मग एकच लांब ओढ. सुरी शेपटीतून बाहेर आली तेव्हा शेवटची लाट शिळेला सोडून मागे गेली.

खालचे मांस धूर होऊन उडाले. काटा उठून बसला आणि तो राजा होता.

राणीच्या मुठीत सुरी नव्हती, एका बाईचा हात होता. डोंगरातून माणसे डोळे चोळत बाहेर येत होती. तीन राजांचे गळे कापल्याची बढाई मारणारा एक बुटका शिंपी निघाला. उःशाप पुरा झाला तशी कालजिव्हाची विद्या सरली. तो साधा म्हातारा होऊन काठी शोधू लागला. तळे पुन्हा काठोकाठ भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा नीलकेतू बरगडीला हळदीचा लेप लावून, थोडा कण्हत सिंहासनावर बसला, आणि राज्याचा कारभार सुरू झाला.