विटेएवढा ग्रंथ

फासे मुठीत खुळखुळवून शाल्मलीचा हात दुखायला लागला होता. गुहा, राक्षस, खजिना अशी गोष्ट रचत खेळायचा तो जुन्या वळणाचा खेळ. पण कोणत्या नियमांनी खेळायचा, यावर नाशिकच्या त्या गच्चीवर कित्येक रविवार नुसता काथ्याकूट चालला होता. दोघं तर कंटाळून यायचेच बंद झाले होते. आजचा रविवारही असाच गेला, तर खेळणाऱ्यांचं हे मंडळ मोडणार होतं.

गच्ची उदयनदादांची, चहा त्यांचा, म्हणून शब्दही त्यांचाच. आपल्या विटेएवढ्या जाड नियमग्रंथावर थाप मारून ते शाल्मलीला म्हणाले, "यात प्रत्येक गोष्टीला नियम आहे. तुझ्या त्या चतकोर पुस्तिकेत आहे काय? नियमाशिवाय पाऊल टाकता येत नाही."

शाल्मलीला राहवेना. "बरं दादा, गुहेत तुमची मशाल विझली. काय करता?"

"भिंत चाचपतो."

"ओली लागते."

"म्हणजे पाणी जवळ आहे. खडा टाकून बघतो."

"पाण्याचा आवाज येत नाही. खालून कोणीतरी खोकतं."

दादांनी कप हाताशी जे होतं त्यावर टेकवला आणि पुढे सरकले. गोष्टीतल्या गुहेत दोर सोडून खाली उतरले, खोकणाऱ्या म्हाताऱ्या राक्षसाला गूळ दिला, त्याच्याकडून पुढची वाट विचारून घेतली. चहा निवून गेला.

"मग? पुढे?" दादांनी विचारलं.

"सांगते. पण एवढी पावलं टाकलीत, ती कोणत्या पानावरच्या नियमाने, ते आधी दाखवा. कप तेवढा उचला, मघापासून ग्रंथावरच आहे."

दादांनी कप उचलला नाही. फाशांसाठी हात पुढे केला.